न्हाणीघरातील काच

नवी वास्तू बांधताना अथवा जुन्या घराचे नूतनीकरण करताना देवघराची दिशा, स्वयंपाकघरातील ओट्याची उंची आणि दिवाणखान्याचा रंग यांवर आपल्या घरांतून जेवढा खल होतो, त्याच्या दशांशानेही तो न्हाणीघरावर होत नाही. न्हाणीघराचा विषय निघतो तो बहुधा सर्वांत शेवटी, गवंडी आणि प्लंबर दाराशी येऊन उभे राहिल्यावर. आणि मग सजावटकाराने दाखविलेल्या रंगीत चित्रांपैकी एकावर बोट ठेवून आपण मोकळे होतो. अलीकडे या चित्रांत एक वस्तू हमखास असते. ती म्हणजे शॉवरभोवती उभारलेले काचेचे दालन. दुकानदार तिला ‘शॉवर एन्क्लोजर’ म्हणतात; या लेखापुरते आपण तिला ‘काचकक्ष’ म्हणू. इंदूरच्या नव्या वसाहतींतील बंगल्यांत व सदनिकांत काचकक्ष आता नवलाईचा राहिलेला नाही. आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी तो आलेला असेल, काहींच्या घरी येऊ घातला असेल.

बालरोगतज्ज्ञाने या विषयावर लेखणी का उचलावी, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. घरात इजा झालेली जी बालके आमच्याकडे आणली जातात, त्यांची हकिगत पुष्कळदा न्हाणीघरात सुरू होते. कढत पाण्याने भाजणे, ओल्या फरशीवर घसरून डोक्याला खोक पडणे, दारात बोट चेंगरणे, फरशी धुण्याचे ॲसिड तोंडाला लावणे, आणि सर्वांत दारुण म्हणजे भरलेल्या बादलीत तोंडघशी पडून बुडणे. आमच्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना विचारले, तर वृद्धांच्या खुब्याच्या अस्थिभंगाची हकिगतही ते याच ओल्या फरशीपासून सांगू लागतात. म्हणून माझे मत प्रारंभीच मांडतो. काचकक्ष घ्यावा की घेऊ नये, आणि घ्यावयाचा तर कसा, हे घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत वृद्ध व्यक्तीच्या शरीराकडे पाहून ठरवावे. मधल्या वयाच्या धडधाकट माणसाला कोणतेही न्हाणीघर चालते. त्याला प्रमाण मानून केलेली निवड उरलेल्यांना महाग पडते.

रामबाग, नारायणबाग या भागांतील जुन्या घरांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना परसदारची न्हाणी आठवत असेल. कोपऱ्यात तांब्याचा बंब, शेजारी घंगाळ, बसायला पाट अथवा चौरंग, खाली खरबरीत दगड आणि पाणी वाहून न्यायला उघडी मोरी. सौंदर्य म्हणावे असे तिथे काही नव्हते. पण माणूस बसून स्नान करी, पायाखालचा दगड पकड देई आणि मुलाला न्हाऊ घालणारीला शेजारी बसायला जागा असे. काच आणि धातू यांची आधुनिकताही इंदूरला परकी नाही. यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी माणिकबाग सजविली, तेव्हा तिची गणना आधुनिक शैलीच्या अग्रगण्य वास्तूंत झाली. त्याआधी, १९१८ मध्ये, पॅट्रिक गेडिस यांनी इंदूर दरबारासाठी लिहिलेला नगररचनेचा दोन खंडांतील अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात सांडपाणी, नद्या, तलाव आणि राहती घरे यांचा आरोग्याच्या दृष्टीने एकत्र विचार आहे. तात्पर्य, घराचे सौंदर्य आणि घराचे आरोग्य या दोन्ही गोष्टींचा विचार या नगरीत शतकभरापूर्वीपासून होत आला आहे. आपल्या न्हाणीघरात मात्र पहिल्या गोष्टीचेच पारडे जड होताना दिसते.

वैद्यकाच्या सवयीने पाहायचे, तर काचकक्ष हे एक औषध आहे असे समजावे. त्याचे उपयोग, त्याची मात्रा, त्याचे दुष्परिणाम आणि ते वर्ज्य असण्याची स्थिती अशा क्रमाने विचार केला म्हणजे निर्णय सोपा होतो.

उपयोग प्रथम सांगितला पाहिजे, कारण तो खरा आहे. आपल्याकडील न्हाणीघर सर्वत्र ओले असते. एकाने स्नान केले की बेसिनपाशी, कमोडपाशी, दाराशी पाणी पसरते, आणि त्यानंतर आत जाणारा, बहुधा आजोबा किंवा शाळेच्या घाईतील मूल, त्या पाण्यावरून चालतो. काचेची आडभिंत पाणी एका भागात अडविते व उरलेली फरशी कोरडी ठेवते. घसरण्याचा धोका कमी करणारा हा गुण कोणत्याही सजावटीहून मोलाचा आहे. दुसरा लाभ अप्रत्यक्ष आहे. शॉवरखाली स्नान होऊ लागले की भरलेल्या बादलीची गरज उरत नाही. रांगणाऱ्या व नुकत्याच चालू लागलेल्या बालकाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत वाकले की त्याला स्वतःहून वर येता येत नाही आणि तो आवाजही करीत नाही. काही सेंटिमीटर पाणी आणि काही मिनिटांचे दुर्लक्ष एवढेच पुरते. आपल्या शहरात नर्मदेचे पाणी ठरावीक वेळी येते, म्हणून पिंप आणि बादल्या भरून ठेवण्याची सवय अजून सुटलेली नाही. घरात तीन वर्षांखालील मूल असेल, तर न्हाणीघरातील बादली पालथी ठेवावी आणि दाराला बाहेरून, उंचावर कडी असावी. काचकक्ष आला म्हणून ही शिस्त सोडता येणार नाही.

आता मात्रा. काच ‘टफन्ड’, म्हणजे तापवून वेगाने थंड केलेलीच हवी. साधी काच फुटली की तिचे सुऱ्यासारखे लांब तुकडे होतात. टफन्ड काचेचे बारीक, बोथट दाणे होतात. काचेच्या कोपऱ्यावर भारतीय मानकाचे चिन्ह, आयएस २५५३, कायमचे उमटविलेले आहे की नाही, हे बसविण्यापूर्वी स्वतः पाहावे. टफन्ड काच एकदा तयार झाली की तिला कापता वा भोक पाडता येत नाही. म्हणून कारागिराने आपल्या घरी काच कापून बसविण्याची तयारी दाखविली, तर ती टफन्ड नाही असे खुशाल समजावे. काचेचे वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे, अडीच किलो भरते. दोन मीटर उंच, पाऊण मीटर रुंद आणि दहा मिलिमीटर जाड असे दार म्हणजे साडेसदतीस किलोचे ओझे झाले. ते बिजागऱ्यांवर टांगायचे आहे. त्या बिजागऱ्यांचे स्क्रू टाइलच्या आतील पक्क्या विटांच्या भिंतीत खोल गेले पाहिजेत. नुसत्या टाइलवर हा भार टाकू नये.

दार बाहेर उघडणारे किंवा सरकणारे असावे. आत कोणी भोवळ येऊन पडले, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते आणि मदत बाहेर तिष्ठत राहते. हृदयविकार, अपस्मार अथवा रक्तातील साखर अचानक उतरण्याचा त्रास असलेली व्यक्ती घरात असेल, तर न्हाणीघराच्या मुख्य दारालाही बाहेरून उघडता येईल असेच कुलूप असावे.

काचकक्षाच्या तळाशी पाणी अडविण्यासाठी पाच-दहा सेंटिमीटरचा उंबरा घालण्याची पद्धत आहे. गुडघ्यांच्या संधिवाताचा रुग्ण किंवा कंपवाताने पाय घासत चालणारी व्यक्ती याच उंबऱ्याला अडखळते. फरशीला दर मीटरला दीड-दोन सेंटिमीटर उतार देऊन काठाला लांबट जाळी बसविली, तर उंबऱ्याची गरजच राहत नाही. हे काम फरशी बसण्यापूर्वीच होऊ शकते. मागाहून होत नाही. आत कमरेच्या उंचीवर भिंतीत पक्की रोवलेली आधाराची दांडी आणि बसून स्नान करण्यासाठी न घसरणारे आसन हवे. टॉवेलची दांडी किंवा रबरी चोषकाने भिंतीला चिकटणारा हँडल यांना आधार मानणे म्हणजे बुडत्याने काडीला धरण्यासारखे आहे.

आता दुष्परिणामांकडे वळू. टफन्ड काच क्वचित कोणतेही निमित्त नसताना फुटते. काचेत राहून गेलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण कालांतराने प्रसरण पावतो आणि ताणलेली काच एका क्षणात दाणेदार होऊन कोसळते. कारखान्यात ‘हीट सोक’ ही तापविण्याची चाचणी केली असल्यास हा संभव पुष्कळ कमी होतो. दुकानात तेवढे विचारून घ्यावे. याहून अधिक आढळणारे कारण म्हणजे कडेला वा कोपऱ्याला लागलेला टोला. काचेचा पृष्ठभाग बळकट, पण तिची कड नाजूक. दार भिंतीवर वा नळावर आपटणार नाही अशी रबरी अटक त्यासाठीच बसवावी. दाणे बोथट असले तरी ते गठ्ठ्यांनी अंगावर पडतात आणि उघड्या अंगावर जखमा करतात. लहान मुले असलेल्या घरी लॅमिनेटेड काच घ्यावी, अथवा तुकडे धरून ठेवणारी पारदर्शक फिल्म काचेवर लावून घ्यावी.

स्वच्छ पुसलेली काच मोतीबिंदू असलेल्या आजींना दिसत नाही, तशीच ती धावत येणाऱ्या नातवालाही दिसत नाही. मोठ्यांच्या डोळ्यांच्या आणि मुलांच्या डोळ्यांच्या अशा दोन उंचींवर धूसर पट्टा काढून घेतला, तर शोभा फारशी उणावत नाही आणि कपाळमोक्ष टळतो. माळव्याची भूमी काळ्या कातळाची आहे. ज्या घरांत बोअरचे जड पाणी वापरले जाते, तिथे काचेवर क्षारांचे पांढरे डाग धरतात. ते काढण्यासाठी घरोघर ॲसिडच्या बाटल्या येतात, आणि मला काळजी वाटते ती त्या बाटल्यांची. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलेले ॲसिड हा बालकाच्या अन्ननलिकेचा शत्रू आहे. ॲसिड आणि ब्लीच एकत्र केल्यास क्लोरीन वायू निघतो, तोही बंद दालनात. स्नानानंतर एक मिनिट वायपर फिरविला आणि आठवड्यातून एकदा पाण्यात मिसळलेले व्हिनेगर लावले, तर ॲसिड घरात आणावेच लागत नाही. एवढे करण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी काच घेऊच नये.

काचेपेक्षा मोठे संकट तिच्या शेजारी टांगलेल्या गीझरचे आहे. साठ अंश सेल्सियसचे पाणी प्रौढाची त्वचाही सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते. बालकाची त्वचा पातळ असल्याने त्याला तेवढाही अवधी मिळत नाही. पन्नास अंशांच्या आसपास हाच अवधी मिनिटांवर जातो. काचकक्षात मूल नळाच्या थेट खाली उभे असते आणि मागे सरकायला जागा नसते. म्हणून नळाशी तापमान मर्यादेत ठेवणारा थर्मोस्टॅटिक मिक्सर ही चैन समजू नये. काचेवरील खर्चातून वाचवून तो बसवावा. विजेच्या गीझरला अर्थ लीकेज ब्रेकर हवाच. वायूवर चालणारा गीझर न्हाणीघराच्या आत असूच नये. बंद खोलीत प्राणवायू घटतो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. हिमोग्लोबिनला त्याची ओढ प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक असते. हिवाळ्यात न्हाणीघरात बेशुद्ध सापडलेल्या माणसाला झटका आला असावा असे समजून आपण मेंदूचे चित्रण करवितो. त्याआधी गीझर कोणता आणि तो कोठे आहे, हे विचारले पाहिजे.

याच संदर्भात आम्हां बालरोगतज्ज्ञांच्या परिचयाची एक व्याधी सांगतो. डोक्यावर कढत पाणी ओतताना काही मुलांना अपस्माराचा झटका येतो. दक्षिण कर्नाटकात तिचे रुग्ण विशेष आढळले असून बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील डॉ. पी. सतीशचंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा विस्तृत अभ्यास केला आहे. पाणी कोमट ठेवणे आणि ते डोक्यावर एकदम न ओतणे एवढ्याने यांतील अनेक मुलांचे झटके टळतात. अशा मुलाला, किंबहुना अपस्माराच्या कोणत्याही रुग्णाला, बंद काचकक्षात उभ्याने स्नान करू देणे हे वर्ज्य मानावे. त्याने आसनावर बसून, कडी न लावता, हाकेच्या अंतरावर माणूस असताना स्नान करावे.

वर्ज्यतेचे दुसरे कारण आपल्या संस्कृतीशी निगडित आहे. बाजारातील काचकक्षाचे सर्वसाधारण माप नव्वद सेंटिमीटर चौरस असते. आपल्याकडे तान्ह्या बाळाला आजी किंवा न्हाऊ घालणारी बाई पाय लांब करून, पायांवर पालथे घेऊन न्हाऊ घालते. त्या पायांना या चौकोनात जागा नाही. बाळाच्या नाकाकानांत तेल घालू नये, शेक-धुरी करू नये, हे मी प्रत्येक बाळंतिणीला सांगतो. पण पायांवरच्या त्या स्नानाला माझा विरोध नाही. त्यात बाळाच्या सर्वांगाला माणसाचा हात लागतो. तीन-चार वर्षांच्या मुलालाही शेजारी बसून न्हाऊ घालणारे मोठे माणूस लागते, आणि पुढे ऐंशीच्या घरातील आईवडिलांना स्नान घालतानाही तीच गरज परत येते. आयुष्याच्या दोन्ही टोकांना स्नान हे दोघांचे काम असते. एका माणसाच्या मापाचा काचकक्ष या दोन्ही टोकांना निरुपयोगी ठरतो.

तेव्हा निवड कशी करावी? घरात तान्हे मूल किंवा परावलंबी वृद्ध असेल, तर स्नानाची जागा मोकळी, खरबरीत फरशीची आणि उताराची ठेवावी, व साधा धुता येण्याजोगा पडदा लावावा. पडद्याला बुरशी धरते हे खरे. तो धुवावा, खराब झाला की बदलावा. मुले शाळकरी आणि वृद्ध हिंडते-फिरते असतील, तर दार नसलेली, एकाच बाजूला पक्की बसविलेली काचेची आडभिंत मला सर्वोत्तम वाटते. पाणी अडते, दार-बिजागरीची कटकट नाही, आणि वॉकर घेऊन आत जाता येईल अशी किमान पंचाहत्तर सेंटिमीटरची वाट मोकळी राहते. चारी बाजूंनी बंद काचकक्ष ज्या घरी मध्यम वयाची निरोगी माणसेच वावरतात, त्यांनी हौसेने घ्यावा. मात्र वर झरोका वा एक्झॉस्ट पंखा ठेवावा.

इथे एका सामाजिक वास्तवाचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. इंदूरच्या मराठी समाजातील अनेक घरांत आज केवळ दोन वृद्ध माणसे राहतात. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा अमेरिकेत. डिसेंबरात ती पंधरा दिवस येणार, म्हणून त्यांच्या आवडीने न्हाणीघर नवे होते. काच येते, गुळगुळीत चकचकीत फरशी येते, उंबरा येतो. पंधरा दिवस सरतात, नातवंडे परत जातात, आणि उरलेले साडेतीनशे दिवस आजी-आजोबा त्या फरशीवरून जीव मुठीत धरून चालतात. कित्येक जण तर ते न्हाणीघर पाहुण्यांसाठी बंद ठेवून मागच्या जुन्या मोरीतच अंघोळ करतात. यात मुलांचे प्रेम उणे नाही. प्रेमाला शरीराची मापे ठाऊक नाहीत, एवढेच. ती मापे सांगणे हे कुटुंबाच्या डॉक्टरचे काम आहे.

आणि या कामात आपला व्यवसाय थोडा मागे पडला आहे, असे मला नम्रपणे नोंदवावेसे वाटते. पूर्वी डॉक्टर घरी भेटीला जात, तेव्हा पलंग कोठे आहे, उजेड किती आहे, मोरी कशी आहे, हे न विचारता डोळ्यांना दिसे. आता रुग्ण आपल्या दालनात येतो आणि त्याचे घर बाहेरच राहते. आपण आहार, झोप, व्यसने, औषधे सारे विचारतो. त्यात तीन प्रश्नांची भर घालावी, अशी माझी सर्व सभासदांना विनंती आहे. स्नान उभ्याने करता की बसून? पाणी कशावर तापते आणि ते यंत्र कोठे आहे? आतून कडी लावता का? बालकाच्या लसीकरणाच्या भेटीत चौथा प्रश्न जोडावा : रात्री बादली भरलेली असते की पालथी? या प्रश्नांना अर्ध्या मिनिटापलीकडे वेळ लागत नाही आणि कोणतीही तपासणी लिहून द्यावी लागत नाही.

२०१७ पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूरने मिळविलेल्या अग्रस्थानाचा आपणा सर्वांना सार्थ अभिमान आहे. रस्ते झाडणाऱ्या हातांनी आणि ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या घराघराने ते मिळविले. घराच्या उंबरठ्याबाहेर जे साधले, ते आत, न्हाणीघराच्या चार भिंतींत, साधण्यास महानगरपालिकेची गरज नाही. पुढच्या वेळी सजावटकार चित्रांची वही उघडील, तेव्हा आपल्या आईला आणि आपल्या नातवाला शेजारी बसवावे, आणि मगच पान उलटावे.